अव्वाच्या वाटचं पाणी

आमचा शिवमूर्ती एका जागी निवांत बसलेला कुणी मला दाखवला, तर त्याचं वर्षाचं दळण मी फुकट दळून देईन, असं मी उदगीरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. आजपर्यंत एकही माणूस डबा घेऊन आला न्हाई.

मी महादेवी, त्याची थोरली बहीण. आमचे मालक वारल्यापासून पिठाची गिरणी मीच चालवते, त्यामुळं माझा आवाज मोठा हाय आणि डोकं लवकर तापतं. पट्ट्याच्या आवाजात हळू बोलून कुणाला ऐकू जात न्हाई. शिवमूर्ती माझ्याहून धाकटा. जेवायला बसला की एक पाय पाटाबाहेर. चहा दिला की कप अर्धा ठेवून हा फाटकाबाहेर. आमची आई, म्हणजे आमची अव्वा, म्हणायची, ह्याच्या जन्माच्या वेळी दारावरनं एस्टी गेली असंल, त्याशिवाय असं लेकरू होत न्हाई.

धंदाही त्याला तसाच मिळाला. कॉम्प्युटर दुरुस्ती. आज लातूरच्या दवाखान्यात, उद्या धर्माबादच्या आडतीत, परवा शिरूर अनंतपाळच्या पतपेढीत. पाठीवर एक काळी बॅग, त्यात पेचकस, वायरी, कसल्या कसल्या पट्ट्या. बायको लेकीच्या कॉलेजापायी लातूरला खोली करून राहिलेली, म्हणून हा जेवायला माझ्याकडं. जेवायला म्हणजे काय, भाकरी हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायला.

आणि ह्या माणसाला जिल्ह्याचं येड. उदगीर जिल्हा होणार, ही आवई आमच्याकडं दर सव्वीस जानेवारीला उठते, पंधरा ऑगस्टला पुन्हा उठते, आणि मधल्या काळात पेपरवाले ती झोपू देत न्हाईत. आमच्या ह्यानं एका सव्वीस जानेवारीच्या आधीच दुकानाचा बोर्ड रंगवून घेतला. खाली पत्ता लिहिला, तालुका उदगीर, जिल्हा उदगीर. मी म्हणलं, "अरे, जिल्हा झाला कुठं?"

"होऊनच राहिला की अक्का. बोर्ड काय सारखा सारखा रंगवायचा?"

तेव्हापासून चौबारा चौकातली पोरं त्याला कलेक्टर म्हणायची. ह्याला त्याचं काही न्हाई. जिल्हा झाला की इतकी ऑफिसं येतील, इतकी मशिनं येतील, मग बाहेरगावी फिरायची गरजच न्हाई, मग मी बसतो बघ एका जागी, असं तो म्हणायचा. त्याचं बसणं सगळं त्या जिल्ह्यावर टाकलेलं.

तर ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची ही गोष्ट.

लातूरला रेल्वे आली, फोटो निघाले, टीव्हीवर दाखवलं. आमच्या गावाकडं रूळ न्हाईत आणि फोटोवालाही न्हाई. आमचं गाव देवणीच्या अलीकडं. तिथं आमची अव्वा, नीलम्मा तिचं नाव, एकटी राहायची. एकटी म्हणजे ती आणि तिची गवरी. गवरी ही देवणी गाय, अंगावर काळे पांढरे पट्टे, अव्वाइतकीच म्हातारी आणि तिच्याइतकीच हट्टी. मी किती वेळा म्हणलं, अव्वा, उदगीरला चल. ती म्हणायची, गवरीला एस्टीत बसू देतील का? दुसरा शब्द न्हाई. गावातले आड कोरडे, बोअर कोरडे, आणि टँकर आला तरच घागर ओली. अव्वाच्या घागरीत गवरीचीही वाटणी. आधी गाय, मग आपण, असा तिचा हिशेब. म्हणजे टँकर चुकला की पहिली तहानलेली राहायची ती अव्वाच.

तो टँकर यायचा आमच्या उदगीरच्या अमृतरावांच्या आवारातनं. देवणी रस्त्याला त्यांचा मोठा टँकरचा ठेका. आधी हातानं चिठ्ठ्या फाडायचे, पण त्यात खेपा चोरीला जायला लागल्या. मग असं ठरलं की मशीननं काढलेली चिठ्ठी असली तरच टँकरनं हलायचं. गावाचं नाव, टँकरचा नंबर, सगळं मशीन छापणार, आणि त्या चिठ्ठीशिवाय टाकीचं सील तोडलं तर खेप रद्द. चांगलं ठरलं. चोऱ्या थांबल्या. पण मशीन थांबलं की पाणीही थांबणार, हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

त्या मशीनची देखभाल आमच्या शिवमूर्तीकडं.

मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगते. सर्वर म्हणजे मोठं मशीन, ते अमृतरावांच्या आतल्या खोलीत. चिठ्ठ्या छापणारं मशीन आवाराच्या पलीकडं फाटकापाशी. दोन्हींच्या मध्ये अंगणावरनं गेलेली एक वायर. ती वायर सर्वरच्या पाठीत जिथं खोचतात ती हाताएवढी हिरवी पट्टी, तिला नेटवर्क कार्ड म्हणतात. ती पट्टी जळाली की सर्वर चालू असून मुका. आतल्या आत सगळं माहीत, पण फाटकापर्यंत शब्द पोचत न्हाई.

होळी झाली आणि थोड्या दिवसांनी ते कार्ड जळालं.

शिवमूर्तीनं बॅगेतलं दुसरं घातलं. दोन दिवस चाललं, ते जळालं. नांदेडहून आणून तिसरं घातलं, तेही संध्याकाळ बघायच्या आधी गेलं. दर वेळी टँकर उभे. अमृतराव डोक्याला हात लावून बसलेले, फाटकाबाहेर गावागावची माणसं ओरडून राहिलेली, आणि आमचा शिवमूर्ती नांदेडच्या दुकानदाराला फोनवर शिव्या घालून राहिलेला, की चंद्रप्पा, डुप्लिकेट माल देतोस, तुझ्या दुकानात येऊन काचा फोडतो.

टँकर उभे म्हणजे अव्वाची घागर पालथी. मग ह्यानं एक काम सुरू केलं. माझ्या घरी नळाला आठवड्यात कधीतरी पाणी यायचं, ते मी पिंपात धरून ठेवायचे. त्यातलं पाणी एका पांढऱ्या कॅनमध्ये भरायचं, स्कूटरवर पायापाशी ठेवायचं आणि सकाळी अव्वाला नेऊन द्यायचं. टँकर सुरू होईपर्यंत रोज. मी दात-ओठ खात भरून द्यायचे, कारण माझ्याही घरात दोन लेकरं हायेत, पण अव्वासाठी न्हाई म्हणायला जीभ उचलत न्हाई. आंघोळीचं पाणी मी अर्ध्यावर आणलं. कुणाला बोलले न्हाई, आज सांगते.

शेवटी तो स्वतः नांदेडला गेला, भांडायला. वजिराबादेत त्या चंद्रप्पाचं दुकान. तिथं काय झालं ते ह्यानंच मला सांगितलं. चंद्रप्पानं ह्याचा आवाज पुरा ऐकून घेतला आणि म्हणाला, "कार्ड खराब असतं तर एखादं असतं. तू जेवढी नेलीस तेवढी जाळलीस. तुझ्या मशीनच्या घरातच काहीतरी हाय. हे घे, दुसऱ्या कंपनीचं हाय, माझ्याकडं एवढंच उरलं. हेही जाळलंस तर हैदराबादेहून मागवावं लागतंय, आठ दिवस धरून चाल." कार्ड घेऊन हा पहाटेच्या एस्टीनं परत.

आठ दिवस म्हणजे काय, ते मी आणि तो दोघंही समजून होतो. माझ्या पिंपात तेवढं नव्हतं.

त्या दिवशी मलाही अव्वाकडं जायचं होतं. मी कॅन भरला, स्कूटरवर मागं बसले, कॅन त्याच्या पायापाशी. म्हणलं, आधी अव्वाकडं जाऊ, मग तुझं कार्ड. तर म्हणतो, "वाटेतच हाय की ऑफिस. पाच मिनिटं. कार्ड घालतो, निघतो." त्याची पाच मिनिटं मला जन्मापासून ठाऊक. पण स्कूटर त्याची.

अमृतरावांच्या आवारात शिरलो. भरलेले टँकर ओळीनं उन्हात उभे. टाक्यांना सील. कुठं कुठं जोडातनं थेंब गळत होता आणि प्रत्येक थेंबाखाली एक तांब्या, एक घागर, एक डबा. बायका आपापल्या भांड्यापाशी बसलेल्या. थेंब पडल्याचा आवाज येत होता.

शिवमूर्ती आत गेला. मी दारात. त्यानं सर्वरच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"काय झालं?"

"झिणझिणतंय. रोजच झिणझिणतं. हवा लई कोरडी हाय ना अक्का." मग बॅगेतला टेस्टर काढून पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लाल झाला. तो त्या दिव्याकडं बघत राहिला आणि नवं कार्ड काही त्याच्या हातनं आत जाईना. खोक्यातनं काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं.

अमृतराव म्हणाले, "शिवमूर्ती, घाल बाबा. बाहेर माणसं माझा जीव घेतील."

"घातलं आणि जळालं तर?"

"मग काय करायचं?"

"तेच बघून राहिलो." आणि उठून बाहेर. आवारात फेऱ्या. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टँकरच्या मागनं, पुन्हा पुढं. मी सावलीत उभी राहून मनात म्हणत होते, हिंडा आता. अव्वाच्या घशाला कोरड पडलीय आणि हे हिंडून राहिले.

पण खरं सांगते, त्या दिवशी तो बसला असता तर काही झालं नसतं.

ऑफिसच्या मागच्या अंगाला, कुणी जात न्हाई अशा कोपऱ्यात, वॉचमन मलप्पा डोळे मिटून हात जोडून उभा होता. समोर सिमेंटचा एक लहान चौकोन आणि त्यातनं वितभर वर आलेला लोखंडी पाईप. पाईपावर विभूतीचे तीन पट्टे, वर बेलाचं पान, तेही वाळून करकरीत. शिवमूर्ती तिथं थांबला. मी गेले त्याच्या मागं.

"मलप्पा, हे काय?"

"देव हाय मालक."

"कुठला देव?"

"ते काय ठाव न्हाई. माझ्या आधीचा वॉचमन जाताना दाखवून गेला. म्हणला, हितं रोज घागरभर पाणी घालायचं, चुकायचं न्हाई. कामून, ते त्यानं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. जिथं रोज पाणी घालायचं, ती जागा देवाचीच की. मग म्या विभूती लावली, बेल वाहिला. चांगलं चाललं होतं."

शिवमूर्ती खाली बसला, म्हणजे उकिडवा. पाईपाला बोट लावलं. "आणि आता पाणी घालतोस?"

मलप्पानं मान खाली घातली. म्हातारा माणूस, डोळ्यात पाणी आलं त्याच्या. "होळीपासनं न्हाई घातलं. बायका थेंबाखाली भांडी लावून बसल्यात, त्यांच्यासमोर म्या पाईपावर घागर कशी ओतू? देवाला म्हणलं, दम धर, पाऊस पडला की दुप्पट घालतो. तेव्हापास्नं नुस्ता पाया पडून राहिलो. मालक, त्याचाच कोप हाय का हा?"

शिवमूर्ती उठून उभा राहिला. पाईपापासून निघालेली तांब्याची पट्टी भिंतीवरनं कुठं जाते ते त्यानं मान वर करून बघितलं. ती सरळ सर्वरच्या खोलीत जात होती.

हे मलाही कळतं, कारण असला खड्डा माझ्या गिरणीलाही हाय. अर्थिंगचा खड्डा. खाली मीठ, कोळसा, त्यात पाईप. मशीनमध्ये कुठं करंट चुकून पत्र्यावर आला तर त्यानं ह्या वाटेनं जमिनीत उतरायचं. पण माती ओली असली तरच ती करंट घेते. कोरड्या ठक्क मातीत तो उतरत न्हाई, मग पत्र्यावर बसतो, वायरीत शिरतो, आणि मधली नाजूक पट्टी जाळतो. माझ्या गिरणीला मी भांड्याचं खरकटं पाणी रोज टाकते, ते सासऱ्यांनी लावलेलं वळण. त्यापलीकडं मी कधी विचार केला न्हाई. आणि शिवमूर्तीनं इतके दिवस चंद्रप्पाला शिव्या घातल्या, हवेला नावं ठेवली, पण ऑफिसच्या मागं येऊन जमीन बघितली न्हाई. कॉम्प्युटरवाल्याची नजर खाली कशाला जाते.

"पाणी पाहिजे," तो म्हणाला.

अमृतरावांना बोलावलं. त्यांना पटलं, पण त्यांच्याही ऑफिसात पिण्याच्या माठात तळाला होतं तेवढंच. "टँकरचं घ्या की," मी म्हणलं.

"सील तोडलं की ती खेप गेली बाई. आणि एकदा तोडलं तर बाहेरची माणसं बाकीची तोडतील. घरून मागवतो. संध्याकाळपर्यंत दोन बादल्या येतील."

"संध्याकाळपर्यंत टँकर निघायची वेळ जाते," शिवमूर्ती म्हणाला आणि स्कूटरकडं गेला. मला कळलं. मी त्याच्या आधी तिथं पोचले आणि कॅनवर हात ठेवला.

"हात लावू नको."

"अक्का, सोड."

"हे अव्वाचं हाय. कालचा कॅन गायीला आणि तिला मिळून रात्रीलाच संपला असंल. ती आता दारात बसून तुझी वाट बघत असंल. संध्याकाळी बादल्या येतायत ना? थांब की जरा. जन्मात एकदा थांब."

"थांबलो तर आज खेप न्हाई. उद्याचं कुणी सांगावं."

"आणि ओतलं, आणि तुझं चुकलं असलं तर? माती कोरडी म्हणून कार्ड जळतंय, हे तुला कुणी लिहून दिलं?"

"कुणी न्हाई."

"एवढ्या पाण्यानं होतंय का?"

"ठाव न्हाई अक्का."

खोटं बोलला असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. ठाव न्हाई म्हणाला, म्हणून माझा हात ढिला पडला. राग गेला न्हाई. त्या क्षणी मला तो माणूस नकोसा झाला होता, माझा भाऊ असून. त्यानं कॅन उचलला आणि पाईपापाशी नेऊन टोपण काढलं.

पाणी पडल्याचा आवाज झाला आणि टँकरखालच्या बायका उठल्या. एक पळत आली, मग चार. "अगं बया, मातीला पाणी पाजून राहिलाय." कुणी त्याला शिव्या दिल्या, कुणी त्याचा शर्ट धरला. तो खाली मान घालून ओतत राहिला, हळूहळू, पाईपाच्या कडेनं, सगळं मुरेल असं. ऐकणाऱ्याला वाटेल मी वाढवून सांगते, पण त्या मातीनं आवाज केला पाणी पिताना. मलप्पा आत जाऊन आपल्या जेवणाच्या डब्यातलं मीठ घेऊन आला आणि ते त्यानं खड्ड्यात टाकलं. कडेला बोटभर चिखल झाला. एका बाईनं पदराचं टोक त्यात बुडवून कडेवरच्या लेकराचं तोंड पुसलं आणि मग ती शिव्या द्यायची थांबली. कॅन रिकामा झाला. मी भिंतीकडं तोंड केलं.

आत येऊन त्यानं टेस्टर लावला. दिवा लागला, पण मिणमिणता. थोडा वेळ गेला, पुन्हा लावला. लागला न्हाई. हात लावला पत्र्याला, पूर्ण पंजा. झिणझिणलं न्हाई. मग त्यानं मशीन बंद केलं, कव्हर काढलं आणि ते कार्ड खाचेत बसवलं, अंगठ्यांनी दाबून, जावळ काढताना लेकराचं डोकं धरावं तसं.

मला वाटलं संपलं. तर मशीन सुरू केल्यावर पडद्यावर पिवळी खूण.

"आता काय?"

"कार्ड आत हाय, पण मशीन त्याला ओळखत न्हाई. ड्रायव्हर पाहिजे."

ते त्यानं मला असं समजावलं. बिदरकडली सून घरात आली, उंबरा ओलांडला, पण तिला कानडीच येतं आणि सासूला मराठीच. सून चांगली, सासू चांगली, तरी चूल पेटत न्हाई. मधे कुणीतरी दोन्ही बोली जाणणारा लागतो. मशीनला आणि कार्डाला जोडणारा तसला लहानसा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. चंद्रप्पानं पेन ड्राइव्हमध्ये घालून दिला होता तो नव्या मशीनचा. हे मशीन जुनं. जुना ड्रायव्हर इंटरनेटवरनं उतरवायचा, आणि इंटरनेट त्या कार्डातनंच येणार. म्हणजे कुलपाची किल्ली कुलूप लावलेल्या खोलीत.

मग मोबाईल. मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी, आवाराच्या भिंतीवर चढलं तर. शिवमूर्ती चढला. भिंतीवर उभा, ऊन डोक्यावर, मोबाईल हातात वर धरलेला, आणि खालनं अमृतराव ओरडले, "हलू नको, हललास की तुटतंय." जरा पाय हलला की गेली रेंज, पुन्हा पहिल्यापासून. एकदा तुटलं. दुसऱ्यांदा तुटलं. मग तो डोळे मिटून उभा राहिला. बायका खालनं बघत होत्या. मी माझ्या भावाला जन्मात पहिल्यांदा न हलता उभा बघितला. फक्त चपलेतले अंगठे वळवळत होते. मघाचा राग माझ्या पोटात तसाच होता, पण त्याच्या मानेवरनं घाम ओघळताना बघून वाटलं, जाऊन पदरानं पुसावा. भिंतीवर कशी चढू मी.

उतरला तो सरळ आत गेला. मोबाईल वायरीनं मशीनला लावला, ड्रायव्हर आत घातला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. अमृतराव खुर्चीचा हात धरून उभे. मलप्पा दारात हात जोडून. पट्टी भरली, मशीन एकदा बंद होऊन पुन्हा लागलं, पिवळी खूण गेली. कार्डाच्या कडेला बारीक हिरवा दिवा लुकलुकायला लागला. सगळ्यांनी ते आधीही बघितलं होतं, दिवा लागायचा आणि मग कार्ड जळायचं.

मग फाटकाकडनं चिठ्ठी छापायचा कर्रकर्र आवाज आला. एक चिठ्ठी, दुसरी, तिसरी, थांबेचना. टँकरची इंजिनं सुरू झाली. आवारात एवढा धूर झाला की बायका खोकायला लागल्या, खोकत हसायला लागल्या. शिवमूर्ती कार्डावर हात ठेवून उभा होता, तापतंय का बघत. नव्हतं तापत. अमृतराव त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जिल्हा होऊ दे, सगळी ऑफिसं तुलाच." त्यानं ऐकलंही न्हाई. "आमच्या गावाची चिठ्ठी कितवी?" एवढंच विचारलं.

आम्ही आमच्या गावाच्या टँकरच्या मागनं गेलो. रिकामा कॅन त्याच्या पायापाशी खडखडत होता आणि प्रत्येक खडखडीला मला वाटत होतं, आता अव्वा काय म्हणंल.

गावात शिरलो तेव्हा टँकरभोवती झुंबड. अव्वा ओट्यावर बसलेली, गवरी दारात बांधलेली. अव्वाचे ओठ फुटले होते. शेजारणीनं तिची घागर रांगेत लावली होती. ती भरून आली, तशी अव्वानं आधी गवरीपुढं घमेल्यात ओतली. दुसरी भरून आली, तेव्हा स्वतः घोट घेतला. मग आमच्याकडं बघितलं. "सकाळधरनं वाट बघून राहिले. कुठं होता रे?"

माझं तोंड कधी बंद राहतं. राग पोटात तसाच होता, तो सगळा मी तिथं ओतला. म्हणलं, "तुझा कॅन घेऊनच निघालो होतो अव्वा. ह्यानं वाटेत ते पाणी जमिनीत ओतलं. सगळं. एक थेंब ठेवला न्हाई. तू तहानलेली बसलीस हे ठाऊक असून."

शिवमूर्ती ओट्याच्या खाली उभा. खुलासा करंल, मशीन, कार्ड, करंट सांगंल असं मला वाटलं. त्यानं स्कूटरवरचा रिकामा कॅन उचलून हातात घेतला.

अव्वा जन्मभर रानात राबलेली बाई. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग रिकाम्या कॅनकडं. "मातीत ओतलास?"

"हाव अव्वा."

"पुरलं का मातीला?"

शिवमूर्ती म्हणाला, "न्हाई अव्वा. आजचा दिवस निघंल. उद्या पुन्हा घालावं लागतंय."

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. त्याच्या हातनं कॅन घेतला. भरलेली घागर वाकवून तिनं तो कॅन भरायला घेतला, आणि मी धरू लागले तर माझा हात बाजूला केला. धार बारीक होती, बाहेर एक थेंब सांडला न्हाई. टोपण घट्ट लावलं आणि कॅन आणून त्याच्या पायापाशी ठेवला.

"मग हे घेऊन जा," ती म्हणाली.

तो त्या कॅनकडं बघत राहिला आणि मग मटकन खाली बसला, अव्वाच्या पायरीवर, दोन्ही हात गुडघ्यात घालून. खांदे हलत होते त्याचे. गवरीनं मान लांब करून त्याचा कान चाटला, तरी सरकला न्हाई. सूर्य कलला, टँकर रिकामा होऊन परत गेला, माणसं घागरी घेऊन घरोघर गेली. मला घरी लेकरं होती, गिरणी बंद होती. मी म्हणलं, "शिवा, ऊठ, निघायचं का?"

"बसू दे जरा अक्का," तो म्हणाला.